दांपत्य, देशांतर आणि देशीयकरण

नागरिकत्वाचा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत निष्ठा, हक्क आणि सार्वभौमत्व या संकल्पनांच्या आश्रयाने चर्चिला जातो. प्रत्यक्ष संसारात मात्र तो निराळ्या रूपाने समोर येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काही वर्षे कायम रहिवासी म्हणून, म्हणजे ग्रीन कार्डावर, राहिलेल्या एखाद्या भारतीय स्त्रीच्या अमेरिकन नागरिक पतीची नेमणूक तिसऱ्याच देशात होते. दोन-तीन महिन्यांत बिऱ्हाड आवरून निघावयाचे असते. तेवढ्या अवधीत तिला ठरवावे लागते, की अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन मगच प्रयाण करावे, की भारतीय पारपत्र आणि ग्रीन कार्ड घेऊन निघावे व तो विचार परतल्यावर करावा. पत्नी नागरिक आणि पती कायम रहिवासी असला तरी प्रश्न तोच राहतो. महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या सुशिक्षित कुटुंबांत तो वारंवार उद्भवतो आणि बहुधा ऐकीव माहितीवर सोडविला जातो. कोणी काय करावे हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. कोणता दर्जा कशाने मिळतो, कशाने जातो आणि गेलेला परत मिळतो की नाही, एवढेच येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

१. पूर्वपीठिका

विवाह आणि नागरिकत्व यांचा संबंध अमेरिकन कायद्यात एकेकाळी फार साधा होता. पत्नीचे नागरिकत्व पतीच्या मागोमाग जात असे. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाशी विवाह करणाऱ्या परदेशी स्त्रीला, ती देशीयकरणास पात्र असल्यास, आपोआप नागरिकत्व मिळे. आणि १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावी. हा दुसरा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली मॅकेन्झी विरुद्ध हेअर या खटल्यात वैध ठरविला. १९२२ च्या केबल कायद्याने ही सांगड मोडली व पत्नीचे नागरिकत्व तिचे स्वतःचे मानले गेले. परंतु देशीयकरणास अपात्र अशा परदेशीयाशी विवाह करणाऱ्या स्त्रीला हा लाभ नाकारण्यात आला.

या अपवादाचा भारतीयांशी थेट संबंध आला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नव्हेत, सबब देशीयकरणास अपात्र होत, असा निर्णय झाला. त्यामुळे क्रांतिकारक तारकनाथ दास यांची अमेरिकेत जन्मलेली पत्नी मेरी कीटिंग दास यांना विवाहामुळे आपल्याच जन्मभूमीचे नागरिकत्व गमवावे लागले. केबल कायद्यातील हा अपवाद १९३१ साली दूर झाला, आणि भारतीयांना देशीयकरणाचा अधिकार १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने मिळाला. आज जो अर्ज नित्याच्या कागदपत्रांपैकी एक वाटतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

दुसरा धागा नागरिकत्व घेऊन परदेशी राहणाऱ्यांचा. १९५२ च्या कायद्यानुसार देशीयकरणाने नागरिक झालेली व्यक्ती आपल्या मूळ देशात सलग तीन वर्षे राहिली, तर तिचे अमेरिकन नागरिकत्व संपुष्टात येई. जर्मनीत जन्मलेल्या, लहानपणी अमेरिकेत आलेल्या व पुढे विवाहानंतर जर्मनीत स्थायिक झालेल्या स्त्रीच्या प्रकरणात, म्हणजे १९६४ च्या श्नायडर विरुद्ध रस्क या खटल्यात, हे कलम घटनाबाह्य ठरले. जन्माने नागरिक असलेल्यास जे बंधन नाही ते देशीयकृत नागरिकास लावता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. १९६७ च्या अफ्रॉयिम विरुद्ध रस्क या निर्णयाने पुढची पायरी गाठली. नागरिकाने स्वेच्छेने सोडल्यावाचून त्याचे नागरिकत्व काढून घेता येत नाही, असे त्यात ठरले. तरीही नागरिकत्व मिळाल्यावर ठराविक मुदतीच्या आत परदेशी कायम वास्तव्य केल्यास मूळ हेतूविषयी प्रतिकूल अनुमान काढण्याची तरतूद शिल्लक होती. ती मुदत आरंभी पाच वर्षांची होती व पुढे एका वर्षाची झाली. १९९४ साली ही तरतूदच रद्द करण्यात आली. ‘नागरिकत्व घेऊन लगेच देश सोडला तर ते जाते’ ही समजूत आजही ऐकू येते; तिचे मूळ या रद्द झालेल्या कलमांत आहे.

२. कायम वास्तव्य : नावाने कायम, स्वरूपाने सशर्त

ग्रीन कार्ड हा अमेरिकेत राहण्याचा परवाना आहे. न राहता तो टिकवून धरण्याचा नव्हे. एक वर्ष वा त्याहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास केवळ कार्ड दाखवून परत प्रवेश मिळत नाही. प्रयाणापूर्वी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेश-परवान्यासाठी अर्ज करता येतो व तो अधिकाधिक दोन वर्षांसाठी मिळतो. पण येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. हा परवाना कायम वास्तव्याचा दर्जा राखण्यास साहाय्य करतो. देशीयकरणासाठी लागणारे वास्तव्याचे सातत्य मात्र तो राखत नाही. सहा महिन्यांहून अधिक परंतु एक वर्षाहून कमी अनुपस्थिती असेल तर सातत्य खंडित झाल्याचे गृहीत धरले जाते व ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर येतो. अनुपस्थिती एक वर्षाची झाली की सातत्य तुटतेच. सरकार, मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधनसंस्था किंवा परदेशी व्यापार करणारी अमेरिकन कंपनी अशा ठिकाणी अर्जदार स्वतः नोकरीस असेल, तर सातत्य राखण्याची निराळी सोय आहे. तिच्यासाठी आधी एक वर्ष अमेरिकेत अखंड उपस्थिती लागते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एकीला १ मार्च २०२१ रोजी कायम वास्तव्य मिळाले. पाच वर्षांच्या सामान्य नियमाने ती मुदत १ मार्च २०२६ रोजी पुरी होते, आणि अर्ज ९० दिवस अगोदर, म्हणजे १ डिसेंबर २०२५ पासून, करता येतो. ती ऑगस्ट २०२५ मध्ये पुनःप्रवेश-परवाना घेऊन पतीबरोबर निघाली आणि सलग दोन वर्षांनी परतली, तर तिचे कार्ड कदाचित शाबूत राहील. पण सातत्य तुटल्यामुळे तिला परतल्यापासून किमान चार वर्षे एक दिवस थांबावे लागेल, म्हणजे २०३१ चा ऑगस्ट उजाडेल. काही महिने आधी निघण्याची किंमत साडेपाच वर्षांहून अधिक विलंब अशी पडते. पती पुढे जाऊन पत्नीने मागाहून जावे की काय, हा घरगुती वाटणारा प्रश्न वस्तुतः या हिशेबाचा आहे.

३. देशीयकरणाच्या तीन वाटा

पहिली वाट सामान्य आहे. कायम वास्तव्यानंतर पाच वर्षांचे सातत्य आणि त्यांपैकी किमान तीस महिन्यांची प्रत्यक्ष उपस्थिती तिच्यासाठी लागते. दुसरी वाट अमेरिकन नागरिकाच्या पती-पत्नींसाठी आहे. जोडीदार तीन वर्षे नागरिक असावा, उभयतांचे सहजीवन तीन वर्षांचे असावे, आणि त्या काळात अठरा महिन्यांची उपस्थिती असावी. या दोहोंत अर्जापूर्वी तीन महिने त्या राज्यात वा जिल्ह्यात वास्तव्य असणे आवश्यक आहे. मुलाखत आणि शपथ हेही विधी अर्ज भरल्यानंतर व्हावयाचे असतात. म्हणून केवळ अर्ज टाकून निघून जाणे म्हणजे काम झाले असे नव्हे.

तिसरी वाट प्रस्तुत प्रश्नासाठीच केलेली आहे, आणि नेमकी तीच पुष्कळांना ठाऊक नसते. १९५२ च्या कायद्याच्या ३१९व्या कलमाच्या ‘ब’ पोटकलमानुसार, अमेरिकन नागरिक जोडीदाराची परदेशी नियमित नेमणूक झाली असेल, तर कायम रहिवासी असलेल्या दुसऱ्या जोडीदाराला पूर्ववास्तव्याच्या मुदतीची अटच लागू होत नाही. मात्र नेमणूक विशिष्ट मालकांकडे हवी. अमेरिकन सरकार, मान्यताप्राप्त अमेरिकन संशोधनसंस्था, परदेशी व्यापाराच्या विकासात गुंतलेली अमेरिकन कंपनी वा तिची उपकंपनी, अमेरिका सभासद असलेली आंतरराष्ट्रीय संघटना, आणि धार्मिक संप्रदाय यांचा त्यांत समावेश होतो. नेमणूक किमान एका वर्षाची असावी. अर्जदाराचा जोडीदाराबरोबर परदेशी राहण्याचा आणि नेमणूक संपताच अमेरिकेत परतून राहण्याचा प्रामाणिक हेतू असावा. आणि देशीयकरणाच्या वेळी त्याने अमेरिकेत हजर असावे. इंग्रजी व नागरिकशास्त्र यांची परीक्षा व सद्वर्तनाची अट कायम राहते.

या तरतुदीची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. पती एखाद्या ब्रिटिश विद्यापीठात स्वतःच्या प्रयत्नाने प्राध्यापक झाला असेल किंवा भारतीय कंपनीत रुजू होत असेल, तर ही वाट बंद आहे. नोकरी कोणत्या देशात आहे यापेक्षा पगार कोणाकडून मिळतो यावर येथे सारे अवलंबून असते.

४. भारतीय बाजू

अमेरिकेची शपथ घेताना पूर्वीच्या निष्ठांचा त्याग उच्चारावा लागतो. परंतु दुसरे नागरिकत्व राखल्याबद्दल अमेरिका कोणाला शासन करीत नाही. भारतीय नागरिकत्व संपते ते भारतीय कायद्याने. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या नवव्या कलमानुसार जो भारतीय नागरिक स्वेच्छेने परकीय नागरिकत्व संपादन करतो, तो त्यायोगे भारताचा नागरिक राहत नाही. यासाठी वेगळा अर्ज वा आदेश लागत नाही. पारपत्र परत करणे हा त्यानंतरचा विधी आहे. नागरिकत्व शपथेबरोबरच गेलेले असते. म्हणून शपथेनंतर भारतीय पारपत्रावर प्रवास करणे हा गुन्हा ठरतो. घरी कोणी अत्यवस्थ असेल आणि नवे कार्ड अद्याप हाती आले नसेल, तर परदेशी नागरिक म्हणून भारताचा व्हिसा घेऊनच जावे लागते. निघण्याच्या धांदलीत हा मधला काळ हमखास विसरला जातो.

२००५ पासून सुरू झालेले ओसीआय कार्ड या हानीची बरीच भरपाई करते. आयुष्यभर ये-जा करण्याची मुभा त्याने मिळते. परंतु नावात ‘सिटिझन’ शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. कार्डधारकास मतदानाचा हक्क नाही, विधिमंडळाचे सदस्यत्व नाही, आणि राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदातील लोकसेवेतील समान संधीही नाही. आमच्या वाचकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतात संशोधन करण्यासाठी कार्डधारकाला विशेष परवानगी घ्यावी लागते. ज्या अभ्यासकाचे क्षेत्रकार्य सातारा वा गडचिरोली जिल्ह्यात आहे, त्याने हे कलम शपथेपूर्वी वाचलेले बरे.

शेतजमिनीविषयी मात्र गैरसमज फार आहे. सातबाराच्या उताऱ्यावरचे नाव जाईल या भयाने अनेक जण थबकतात. वस्तुस्थिती अशी की, वारसाने आलेली वा भारतात राहत असताना घेतलेली जमीन परकीय नागरिकत्वामुळे आपोआप जात नाही. आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे तूर्तास हे बंधन परदेशवासाचे आहे, नागरिकत्वाचे नव्हे. भेद पडतो तो पुढे कायमचे परतावयाचे झाल्यास.

परतीची वाट अगदीच बंद नाही. पाच वर्षे कार्डधारक असलेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य केलेली व्यक्ती नोंदणीने पुन्हा भारतीय नागरिक होण्यासाठी अर्ज करू शकते. अर्थात परकीय नागरिकत्व सोडून.

५. कर आणि वारसा

अमेरिका आपल्या नागरिकांवर, ते कोठेही राहोत, सर्व उत्पन्नावर कर आकारते. मेक्सिकोत राहणाऱ्या नागरिकाच्या प्रकरणात, १९२४ च्या कुक विरुद्ध टेट या खटल्यात, हे तत्त्व मान्य झाले. म्हणून नागरिकत्व टाळावे असे कोणी सुचवितात. पण ग्रीन कार्ड राखून परदेशी राहणाऱ्यासही तोच नियम लागू आहे. उलट विवरणपत्रात स्वतःस अनिवासी म्हणविल्यास वास्तव्य सोडल्याचे अनुमान निघते. शिवाय मागील पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षे कायम रहिवासी असलेल्या व्यक्तीने दर्जा सोडला, तर संपत्ती वा करभार ठराविक मर्यादेपलीकडे असल्यास निर्गमन-कर लागू शकतो. करापासून सुटका कार्ड राखल्याने होत नाही. ते वेळेवर सोडल्याने होते. मोठ्या संपत्तीच्या कुटुंबांत आणखी एक मुद्दा आहे. मागे राहणारा जोडीदार नागरिक नसेल, तर १९८८ पासून विशिष्ट न्यासाची रचना केल्यावाचून त्याला वारसाकरातील वैवाहिक सूट मिळत नाही.

६. निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून विचाराचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम जोडीदाराचा मालक कोण आणि नेमणूक किती काळाची हे पाहावे. त्यावरून तिसरी वाट खुली आहे की नाही ते कळते. ती बंद असल्यास उरलेल्या मुदतीचे महिने मोजावेत. मुदत थोडक्यात चुकत असेल तर प्रयाण लांबविण्याचा विचार करावा. वर्षे उरली असतील तर दर्जा टिकविण्याचे प्रयत्न खरोखर पेलतील का, हे स्वतःला विचारावे. त्यानंतर भारतात पुढे काय करावयाचे आहे, म्हणजे मतदान, लोकसेवा, संशोधन की केवळ आप्तांची भेट, हे निश्चित करावे.

या सर्वांच्या तळाशी एक मूलभूत भेद आहे. कायम वास्तव्य अनुपस्थितीने झिजते. अमेरिकन नागरिकत्व अनुपस्थितीने झिजत नाही. भारतीय नागरिकत्व अनुपस्थितीने झिजत नाही, पण एका शपथेने संपते. तिसऱ्या देशात आश्रित जोडीदार म्हणून मिळणारा वास्तव्याचा परवाना तर विवाहावर आणि दुसऱ्याच्या नोकरीवर टांगलेला असतो. मृत्यू, घटस्फोट वा बेकारी यांपैकी काहीही ओढवले आणि दरम्यान कार्डही गेलेले असले, तर अमेरिकेतील मुले, घर व नोकरी यांच्यापासून ती व्यक्ती एका दिवसात परकी होते. तिच्या हाती उरते ते भारतीय पारपत्र. ज्यांना भारतातच परतावयाचे आहे त्यांच्या दृष्टीने ते पुरेसे, किंबहुना सर्वांत मौल्यवान आहे. ज्यांचा संसार अमेरिकेत रुजला आहे त्यांच्या दृष्टीने नाही.

१९२२ मध्ये कायद्याने पत्नीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वापासून विभक्त केले. बदली एकाची झाली म्हणून उभयतांचे बिऱ्हाड हलते हे खरे. पण शपथ ज्याची त्याने घ्यावयाची असते, आणि तिचे परिणाम विवाह टिको वा न टिको, त्याच व्यक्तीला आयुष्यभर लागू राहतात. म्हणून हा निर्णय कुटुंबाच्या सोयीच्या यादीत शेवटी न टाकता, जिला तो घ्यावयाचा आहे त्या व्यक्तीने सामान बांधण्यापूर्वी, कायद्याची कलमे व स्वतःचे आयुष्य समोर ठेवून, स्वतंत्रपणे घ्यावा.