ट्रॅक्टरचे पाणी जाते कोठे?

जमिनीला वापसा आला म्हणजे पेरणीसाठी थोडेच दिवस हाती असतात. नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टरचे एंजिन तापू लागले, की चालक रेडिएटरमध्ये पाणी ओततो व काम पुढे रेटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडतो. पाणी ओतल्याने वेळ निभावते, परंतु दोष तसाच राहतो. अखेरीस सिलिंडर हेडला तडा जातो किंवा पिस्टन अडकतो आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहतो. रेडिएटरमधील पाणी हे डिझेलप्रमाणे खर्च होणारे नव्हे. ते वारंवार घालावे लागत असेल, तर ते कोठे जाते हे प्रथम शोधले पाहिजे.

पाण्याचे कार्य

एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णताच कामी येते. बरीचशी धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी सिलिंडरांभोवती फिरवितो. तेथून ते रेडिएटरमध्ये येते व पंख्याने ओढलेल्या हवेने निवते.

रेडिएटरची टोपी हे नुसते झाकण नव्हे. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम दाब धरणारी टोपी असल्यास पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. टोपीचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली झाली म्हणजे दाब टिकत नाही. मग पाणी लवकर उकळून जादा पाण्याच्या नळीवाटे निघून जाते. टोपी बदलताना ती तेवढ्याच दाबाची घ्यावी.

बाहेरील गळतीचा शोध

रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून एंजिनाखाली कोरडा पुठ्ठा पसरावा. सकाळी ओल कोठे पडली आहे ते पाहून तिच्या वरच्या भागाची तपासणी करावी. काही गळती एंजिन गरम असतानाच होते व थेंब तेथेच वाळून जातो. अशा ठिकाणी पांढरट किंवा रंगीत खपली दिसते. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. भेगाळलेली, फुगलेली किंवा फार मऊ पडलेली नळी बदलावी व ढिल्या क्लिपा आवळाव्यात. पाण्याच्या पंपाच्या दांड्याखाली एक लहान छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत राहिले, तर पंपाचे सील झिजले आहे असे समजावे. हे छिद्र कधीही बुजवू नये.

आतील गळतीची लक्षणे

बाहेर ओल नाही, टोपी चांगली आहे, तरीही पाणी घटते, अशा वेळी हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. एंजिन थंड असताना टोपी काढून ते सुरू करावे. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. एंजिन पुरते गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे हेही याच दोषाचे लक्षण होय. यांपैकी काहीही आढळल्यास एंजिन चालवू नये व मेकॅनिककडून हेड उघडून घ्यावे. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

पाणी पुरेसे असूनही तापणे

मळणीचा भुसा व धूळ रेडिएटरच्या जाळीत बसली म्हणजे हवा आत शिरत नाही. जाळी पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेस, हलक्या दाबाच्या हवेने साफ करावी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो सामान्यतः एक ते दीड सेंटिमीटर दबावा. नेमके माप त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. थर्मोस्टॅट तपासण्यासाठी तो पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगून पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडू लागला नाही, तर बदलावा. थर्मोस्टॅट काढून ट्रॅक्टर तसाच चालविण्याची सवय चांगली नव्हे. तसे केल्यास एंजिन योग्य उष्णतेवर येण्यास फार वेळ लागतो व झीज वाढते.

एंजिन तापल्यावर काय करावे

काटा लाल पट्ट्याकडे सरकताच काम थांबवून भार काढावा. वाफ येत असल्यास किंवा पाणी गळून गेले असल्यास एंजिन त्वरित बंद करावे. पाणी पार निघून गेले तर उष्णतामापक कोरडा पडून काटा खालीही येऊ शकतो. त्यावर विसंबू नये. गरम रेडिएटरची टोपी उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात. एंजिन पूर्ण निवल्यावर, टोपीवर जाड फडके धरून ती सावकाश सैल करावी. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

पाणी कोणते घालावे

अनेक विहिरींचे पाणी जड असते. त्यातील क्षार आत साचून पुट धरतात व उष्णता पाण्यात उतरू देत नाहीत. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट पुस्तिकेतील प्रमाणात मिसळून वापरावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसले, तरी कूलंटमुळे आतील भाग गंजण्यापासून वाचतात.

बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. काढलेले कूलंट गोठ्याजवळ किंवा हौदाजवळ ओतू नये आणि उघड्या भांड्यात ठेवू नये. जनावर, कुत्रे किंवा मूल ते प्याले तर जीवावर बेतते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरचालकांना एकत्र करून टोपी, नळ्या, पट्टा, जाळी व तेल यांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. तपासणीस एक सकाळ पुरते. हेड उतरवावे लागले, तर पेरणीचे दिवस हातचे जातात.