सिलिकॉनचा पिरॅमिड, पुठ्ठ्याचा पिरॅमिड

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतात बसवलेल्या सौरपंपांच्या काळसर प्लेटा तुम्ही पाहिल्या असतील. गुळगुळीत सिलिकॉन मात्र आरशासारखे चकाकते. पडलेल्या प्रकाशापैकी ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश ते परत पाठवते. हा तोटा कमी करण्यासाठी एकस्फटिकी सिलिकॉनची चकती कॉस्टिक पोटॅशसारख्या अल्कलीच्या गरम द्रावणात ठेवतात. मग पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर उंचीचे असंख्य पिरॅमिड उभे राहतात. एका पिरॅमिडवरून परावर्तित झालेला किरण शेजारच्या पिरॅमिडवर आदळतो आणि त्याला आत शिरण्याची आणखी एक संधी मिळते. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २०१० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्रात अशा सौरघटांवर संशोधन चालते.

पण द्रावणाला पिरॅमिडच कोरायचा हे कसे कळते? त्यासाठी बटाट्याचा एक घन कापा. एका कोपऱ्याला मिळणाऱ्या तिन्ही कडांवर कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर खुणा करा व त्या खुणांमधून सुरी फिरवा. समभुज त्रिकोण दिसेल. घनाची मूळ बाजू म्हणजे १०० प्रतल आणि हा तिरपा छेद म्हणजे १११ प्रतल. प्रतलांना असे अंक देण्याची पद्धत मिलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ साली मांडली.

सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. १०० पृष्ठावरील अणूला आतल्या बाजूने दोनच बंध धरून ठेवतात, तर १११ पृष्ठावरील अणूला तीन. म्हणून १०० पृष्ठ भराभर झिजते, १११ अगदी सावकाश. शेवटी उरतात ते १११ चेच उतार.

आता पुठ्ठ्याचा १० सें.मी. बाजूचा चौरस आणि तेवढ्याच बाजूचे चार समभुज त्रिकोण चिकटवून पिरॅमिड करा. त्याची उंची सुमारे ७.१ सें.मी. आणि उताराचा तळाशी कोन सुमारे ५४.७ अंश भरेल. सिलिकॉनमधील पिरॅमिडचा कोन हाच!

पिरॅमिड उलटा धरा. संरक्षक थरातील चौकोनी खिडकीतून कोरलेला खड्डा असाच असतो. उतार टोकाशी मिळाले की कोरणे जवळजवळ थांबते. म्हणून खोली खिडकीच्या रुंदीवर ठरते. मात्र बटाट्याकडे पुन्हा पाहा. छेदाची रेघ घनाच्या बाजूवर कर्णाच्या दिशेने गेली आहे. खिडकीच्या कडाही त्याच दिशेने आखाव्या लागतात. दाब मोजणाऱ्या संवेदकांचे पातळ पडदे याच युक्तीने कोरतात.

हे द्रावण त्वचेला व डोळ्यांना घातक असते, तेव्हा आपण प्रतिकृतीवरच भागवू. खिडकी ४० मायक्रोमीटर रुंद असेल, तर खड्डा किती खोल होईल? पुठ्ठ्याचा पिरॅमिड मोजून सांगा.