रिचार्ज संपला की टीव्हीही बंद

दिवाळीच्या दिवशी एसएमएस महाग पडायचे, हे आज कॉलेजातल्या पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही. मोबाइल कंपन्या सणाचे दिवस ‘ब्लॅकआउट डे’ म्हणून जाहीर करायच्या. त्या दिवशी एसएमएसचं पॅक चालायचं नाही, प्रत्येक शुभेच्छेला पूर्ण दर. धोरणी माणसं आदल्या रात्रीच शुभेच्छा उरकून मोकळी व्हायची. हा सणासुदीचा गल्ला व्हॉट्सॲपने बुडवला, आणि टेलिकॉमवाल्यांच्या हातून पुढे काय काय सुटणार याची ती चुणूक होती.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ बाजारात उतरलं. बोलणं फुकट, सुरुवातीचे काही महिने डेटाही फुकट. त्यानंतरच्या पडझडीत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली, टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले आणि ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. मग 2020 च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 43,574 कोटी रुपये घातले, जुलैत गुगलने 33,737 कोटी जाहीर केले. गप्पांचं ॲप, शोधयंत्र आणि टॉवर एकाच पंगतीला बसले. 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार सुरू झालं, तेव्हा टीव्हीलाही त्याच पंगतीत पाट मिळाला.

नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुक्यांच्या या पसाऱ्यात करमणूक पोचवायचं काम वर्षानुवर्षं केबलवाल्याने केलं. महिन्याच्या सुरुवातीला वसुलीला येणारा, पैसे थकले की कनेक्शन कट करणारा आणि मॅचच्या दिवशी चित्र गेलं की शिव्या खाणारा. 2019 च्या नव्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांचं भाडं 130 रुपये आणि वर जीएसटी असं ठरलं. नियामकाच्या नमुना करारात त्यातले 55 टक्के वरच्या कंपनीला, 45 टक्के गल्लीतल्या केबलवाल्याला. तरी क्रिकेट होतं तोवर त्याचं चालून जायचं. जून 2022 मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतीय उपखंडासाठी टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना गेले आणि डिजिटलचे 23,758 कोटींना. फरक किरकोळ, पण मोबाइलने टीव्हीला मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच हंगामात जिओसिनेमाने सगळे सामने फुकट दाखवले. झहीर खानच्या श्रीरामपुरात आणि रहाणेच्या संगमनेरात मॅचसाठी केबलचे पैसे भरायची गरज त्या उन्हाळ्यात उरली नाही.

आता दुसरी बाजू. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. सत्तरीच्या आजी, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नातवाने पावभाजी मागितली. आजींना ती माहीत नव्हती, म्हणून त्याने फोनवर व्हिडिओ दाखवले. आजींनी ते पाहिले आणि याहून चांगली मी करीन म्हणाल्या. केलीही. त्यातून 2020 मध्ये ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल उभं राहिलं. सॉस, बेकिंग पावडर हे शब्द नातवाने त्यांच्याकडून घोकून घेतले. आणि लाखो लोकांनी पाहिलं काय, तर कारल्याची भाजी! झी मराठीवर ‘आम्ही सारे खवय्ये’ चालायचं, तेव्हा कोण झळकणार हे वाहिनी ठरवायची. सारोळा कासारच्या चुलीपर्यंत कुठलं युनिट गाडी घेऊन आलं असतं, असं मला वाटत नाही.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे चॅनेल हॅक झालं. आजी हवालदिल झाल्या. काही दिवसांनी ते परत मिळालं, हे नशीबच. मला या सगळ्या व्यवहारातली मेख इथेच दिसते. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 45 टक्के यूट्यूब ठेवून घेतं, 55 करणाऱ्याला देतं. केबलवाल्याला त्याच्या वरच्या कंपनीने दिलेल्या वाट्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. मात्र केबलवाल्याला चौकात गाठून जाब विचारता यायचा. इथे तक्रारीचा फॉर्म भरायचा आणि वाट पाहायची. नियम बदलले, व्हिडिओ लोकांपुढे येईनासे झाले, तर सारोळ्यातून कोणाला गाठायचं?

फुकटाने सॉफ्टवेअरमध्येही असाच एक धंदा मोडला, ती गोष्ट थोडक्यात. मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर एकेकाळी पैसे मोजून, ‘लॉक’सकट विकत घ्यावं लागे, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याचं अर्धं भांडवल त्यातच अडकलेलं असे. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे, आणि फोनला तोंडी सांगितलं तरी तो मराठी टाइप करतो. पत्रिका घरीच, मोबाइलवर तयार होते. डीटीपीवाल्यासाठी कोणी हळहळलं नाही. पेपरात बातमीही आली नाही.

मोबाइलचे फुकटचे दिवस मात्र सरले, हे सगळ्यांनाच कळून चुकलंय. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी मोबाइल कंपन्यांनी एकामागोमाग दर वाढवले. त्यात अठ्ठावीस दिवसांचा महिना, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. (दूधवाल्याने असा महिना मोजला असता, तर बायकांनी त्याला उंबऱ्यात उभं केलं नसतं.) काही केबलवाले शहाणे निघाले. त्याच खांबांवरून, त्याच गिऱ्हाइकांना ते आता फायबर इंटरनेट देतात, आणि त्या वायरमधून यूट्यूब चालतं म्हणून राउटर बंद पडला की पुन्हा त्यांनाच फोन जातो.

नगर जिल्ह्याच्याच अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीसारख्या डोंगरी भागांत, घरं विखुरलेली आणि गिऱ्हाईक थोडं, तिथे टॉवर उभारायला खासगी कंपनीचा हिशोब बसत नाही. देशातल्या 4जी न पोचलेल्या 24,680 गावांसाठी जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने 26,316 कोटी मंजूर केले आणि काम दिलं बीएसएनएलला. जिला सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, त्या कंपनीला. गाव तिच्या टॉवरवर जोडलं गेलं की तिथला माणूसही पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप आणि यूट्यूबच उघडणार. अशा टॉवरांच्या खर्चात या दोघांचा वाटा किती असावा, हा वाद दिल्लीत टेलिकॉम कंपन्यांनी काढला आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.