आमच्या शाळेचा संगणक का बंद पडला?

आमच्या शाळेत एकच संगणक आहे. तो गावाने वर्गणी काढून घेतलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा तो चालू होईना. बटण दाबले तरी दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. कोणी म्हणाले जळाला, कोणी म्हणाले भंगारात घाला. आम्हां चौथीच्या मुलांना फार वाईट वाटले. कारण गावातल्या आज्यांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ६४ ओव्या आम्ही त्यात टाईप केल्या होत्या. त्या दुसरीकडे कुठेच उतरवलेल्या नव्हत्या, आणि त्यांतली एक आजी आता नाही.

मग तालुक्याहून दुरुस्तीवाले काका आले. बाईंनी आम्हांला लांब बसून बघायला सांगितले. मी खूप प्रश्न विचारले. काका वैतागले नाहीत.

काका म्हणाले, "यंत्र मेलं म्हणायच्या आधी वीज कुठवर आलीय ते बघायचं." म्हणजे आपल्या वाफ्यात पाणी आले नाही तर बाबा पाटाच्या कडेने चालत जातात आणि कुठे फुटलाय ते बघतात, तसेच.

पहिल्यांदा भिंतीवरचा बोर्ड. त्यात त्यांनी बल्ब लावला. तो लागला, म्हणजे बोर्डात लाईट होती. मग यूपीएस. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, म्हणून तो बाजूला काढून पिन सरळ बोर्डात लावली. तरी संगणक गप्प. आता राहिली वायर. ही युक्ती मला सगळ्यांत आवडली. पडद्याची वायर आणि पेटीची वायर बहुतेक सारखीच असते. काकांनी दोन्ही वायरी बदलून लावल्या. पेटीची वायर लावून पडद्याचा दिवा लागला, म्हणजे वायर चांगली. नवीन काही विकत न आणता कळले! पेटीच्या मागे एक छोटा खटका असतो, तोही चालूच होता.

मग पाणी अडले कुठे? पेटीच्या आत, मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा असतो. त्याला एसएमपीएस म्हणतात. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. संगणकाच्या आतल्या भागांना एवढी सोसत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट लागते, तीही एकाच दिशेने वाहणारी. गिरणीवाला एकाच ज्वारीचे कोणाला जाड, कोणाला बारीक दळून देतो ना, तसा हा डबा वीज बारीक करून देतो. पिवळ्या वायरीत १२, लाल वायरीत ५, नारिंगी वायरीत ३.३. काळी वायर परतीची.

काकांनी पिन काढली, थोडा वेळ थांबले, मग पेटी उघडली. आत इतकी धूळ होती की बाई शिंकल्या. डब्यातून येणारा २४ टोकांचा मोठा जोड त्यांनी काढला, त्यातली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली आणि पिन परत लावली. डबा चांगला असेल तर त्याचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. म्हणजे डबाच गेला होता. पंखा फिरला असता तर पुढचे बटण किंवा आतली मोठी पाटी तपासावी लागली असती. पण नुसता पंखा फिरला म्हणून सगळे ठीक असे नाही, मीटर लावून व्होल्ट मोजावेच लागतात.

हे तारेचे काम आपण मुलांनी करायचे नाही. आणि तो पत्र्याचा डबा तर मोठ्या माणसांनीही घरी उघडू नये. त्यात लहान पिंपासारखे कपॅसिटर असतात, ते वीज साठवून ठेवतात. पिन काढली तरी त्यांत काही वेळ ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते. काकांनी जुना डबा दुकानात उघडला आणि नंतर आम्हांला दाखवला. दोन पिंपांची डोकी फुगली होती, भाकरीसारखी. धुळीने डबा गरम होतो आणि उष्णतेने ती लवकर खराब होतात. आमच्याकडे रात्री मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, त्याचाही डब्याला त्रास होतो.

काही डब्यांवर मागे लाल खटका असतो. त्यावर ११५ आणि २३० असे लिहिलेले असते. लाल दिसला की ओढून बघावासा वाटतो, पण आपल्याकडे तो २३० वरच पाहिजे. ११५ वर ठेवून पिन लावली तर फाट् आवाज होऊन डबा जळतो.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले तर अर्थिंग नीट नाही असे समजावे. तीन पिनांतली जाड पिन त्यासाठीच असते, काही लोक ती मोडून टाकतात. शाळेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचे असते, हे मला आधी माहीत नव्हते.

तारीख दरवेळी चुकत असेल तर मात्र डब्याचा दोष नाही. आत बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, तो संपलेला असतो.

आलेल्या पालकांना मुद्दाम सांगते, डबा गेला म्हणजे संगणकातले लिहिलेले गेले असे बहुतेक वेळा नसते. लिहिलेले वेगळ्या भागात, डिस्कमध्ये राहते. म्हणून घाईने भंगारात देऊ नका. काकांनी नवीन डबा बसवला, बटण दाबले आणि पंखा घुर्र वाजला. आम्ही आधी ओव्यांची फाईल उघडली. ६४ च्या ६४ होत्या. बाईंनी त्या लगेच पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि आता आम्ही त्या वहीतही उतरवतो आहोत. ४१ झाल्या आहेत.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी