तबकडीची मान अडते तेव्हा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघावे, आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे टाकावे आणि जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाहून खोडदकडे वळावे. शेतमळ्यांपलीकडे तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. तबकड्या तीस, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर!

मी मराठीचा प्राध्यापक. पण माझे कुतूहल जडले ते एवढे धूड फिरवणाऱ्या मोटरींवर. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते. चंद्रबिंब असते अर्ध्या अंशाचे. म्हणजे मोटर दोनच मिनिटे थबकली, तर तारा चंद्राच्या रुंदीइतका निसटू शकतो. शिवाय तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५, आणि जोडीजोडीचे संकेत ताडूनच आकाशाचे चित्र बनते. एक तबकडी बसली की २९ जोड्या गेल्या!

मोटरींची युक्ती मोठी मौजेची आहे. तबकडी आडवी फिरवायला दोन मोटरी, वरखाली करायला आणखी दोन. दातेरी चाकांत थोडी ढिलाई असतेच. ती जावी म्हणून जोडीतल्या दोन मोटरी एकमेकींविरुद्ध किंचित ताण धरतात; धुतलेली चादर पिळताना दोघीजणी धरतात तसा.

मग तबकडी अडली तर? अशा यंत्राची दुरुस्ती वाक्याच्या पृथक्करणासारखी असते. आधी ब्रेक लावून तबकडी पक्की धरायची, कारण एवढ्या मोठ्या पसाऱ्याला वाऱ्याचे भय. मग पाहायचे, वीज पोहोचते का? भार काढल्यावर मोटर सुटी फिरते का? फिरत असेल, तर दोष दातेरी चाकांत आहे की ब्रेकमध्ये? आणि सारेच ठीक असेल, तर कोन मोजणारे उपकरणच खोटे सांगत नाही ना? दोष कुठे नाही हे ठरवत गेले, की तो कुठे आहे ते आपोआप उरते.

पूर्वी येथे ब्रशच्या मोटरी होत्या. कार्बनचे ब्रश झिजतात, बदलावे लागतात. त्यांच्या ठिणग्यांतून रेडिओलहरीही उठतात. ताऱ्यांची कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी हा गोंगाट कशाला? पुढे दुर्बिणीच्या सुधारणेत बिनब्रशच्या मोटरी आल्या, आणि झिजणारा भागच उरला नाही. उत्तम दुरुस्ती म्हणतात ती हीच!