मैत्रीला तिथि नाहीं

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी तिळगूळ घेऊन घरीं आला. आमच्या सोलापुरांत हे दिवस सिद्धेश्वराच्या गड्ड्याचे. पूर्वीं या यात्रेच्या दिवसांत तो एकटा कधींच येत नसे. पांच जणांचें त्यांचें टोळकें होतें. शाळा सुटून कॉलेजांत गेल्यावरहि दरवर्षीं तीं पांच मुलें एकदम ओसरीवर येत, एकदम वाकत, आणि तिळगुळाचा डबा रिकामा करून एकदम निघून जात. यंदा दाराशीं एकच जोडा पाहून मीं विचारलें, "बाकीचे चौघे कोठें आहेत?"

"तिघे पुण्याला असतात, सर. एक बंगळुरास."

"गड्ड्यालाहि आले नाहींत?"

"आले असतील एक-दोघे. मला कळलें नाहीं."

"भांडण झालें कीं काय?"

"नाहीं, सर. कांहींच झालें नाहीं."

मुलगा आतां तिशीला आला आहे. वडिलांचें कापडाचें लहानसें दुकान तो पाहतो. तिळगूळ देऊन, चहा घेऊन तो जावयास उठला, परंतु त्याचें तें "कांहींच झालें नाहीं" हें वाक्य मला स्वस्थ बसूं देईना. कारण पुष्कळ वर्षांपूर्वीं अगदीं हेंच वाक्य मीं माझ्या पत्नीजवळ उच्चारलें होतें, आणि तें खरें नव्हतें. त्यास मीं पुन्हां बसविलें. त्या दिवशीं त्याला जें सांगितलें तेंच थोडें विस्तारानें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विष्णुशर्म्याच्या पंचतंत्राचें पहिलें तंत्र मित्रभेदाचें आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री मोडावयास तेथें दमनकासारखा कारस्थानी कोल्हा लागतो. तो एकाचे कान भरतो, मग दुसऱ्याचे भरतो, तेव्हां कोठें मैत्रीचा घात होतो. आमच्या शहरांतील तरुणांच्या मैत्रीचा असा इतिहास मला फारसा आढळला नाहीं. शाळेंत इतकीं वर्षें घालविलीं. एका बाकावर बसणारीं, एका डब्यांत जेवणारीं शेंकडों मुलें पाहिलीं. त्यांतील बहुतेकांची मैत्री कोणत्याहि कोल्ह्यावांचून संपली. शिवी नाहीं, अबोला नाहीं, अपमान नाहीं. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी रोज बोटभर उतरावें आणि एके दिवशीं पोहऱ्याला चिखल लागावा, तसा हा प्रकार असतो.

याचें एक कारण मनुष्यस्वभावांत आहे, आणि दुसरें शहराच्या नशिबांत आहे. दुसरें आधीं सांगतों.

सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तिलाच पुढें सारें गांव जुनी गिरणी म्हणूं लागलें. तिच्या मागोमाग पुढील तीस-पस्तीस वर्षांत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि शहर भोंग्यावर उठूं-जेवूं लागलें. ज्यांच्या घरांतील कोणीहि गिरणींत नव्हतें त्यांच्या घरींसुद्धां भोंगा ऐकून भात चुलीवर चढे. शहरांत मराठी, कन्नड, तेलुगु, उर्दू अशा चार भाषा नांदत. पण वेळ सर्वांची एकच असे. पाळी सुटली कीं माणसें रस्त्यावर येत, शाळा सुटली कीं मुलें येत, आणि सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं किंवा पार्क मैदानावर जो तो आपल्या ठरलेल्या जागीं सांपडे. कोणी कोणाला बोलावीत नसे. मैत्रीला वेळ ठरवावी लागत नसे, कारण ती भोंगा ठरवून देई.

पुढें भोंगे एकेक करून थांबले. जुनी गिरणी १९६० नंतरच्या दशकांतच बंद पडली. इतर मोठ्या गिरण्या १९९० नंतरच्या काळांत गेल्या. यंत्रें जुनीं झालीं, तीं वेळेवर बदललीं नाहींत, यंत्रमागाचें कापड स्वस्त पडूं लागलें, कर्ज वाढलें. शहर अगदींच ओस पडलें असें नव्हे. पूर्व भागांत यंत्रमाग चालतात, चादरी आणि टॉवेल होतात, हजारों बायका घरीं बसून विड्या वळतात. परंतु मॅट्रिक झालेल्या मुलानें करावें असें काम गांवांत उरलें नाहीं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सोलापुरची लोकसंख्या सुमारें ९ टक्क्यांनीं वाढली. त्याच काळांत पुणें शहराची सुमारें २३ टक्क्यांनीं वाढली. घरोघरीं पाळणे हालत असतां एखाद्या शहराची वाढ इतकी मंद असेल, तर तेथून कोणीतरी निघून जात आहे हें सांगावयास ज्योतिषी नको. कोण जातें हें पाहावयाचें असेल तर पहांटे स्टेशनवर जावें. १९३१ सालीं फांसावर गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांच्या नांवाची गाडी पुण्यास जावयास उभी असते, आणि आमचीं मुलें तींत बसत असतात.

आतां मनुष्यस्वभावाचें कारण. अमरकोशांत मित्राला जे पर्याय दिले आहेत त्यांत वयस्य आणि सुहृद् असे दोन शब्द आहेत. वयस्य म्हणजे समान वयाचा. सुहृद् म्हणजे ज्याचें अंतःकरण आपल्याविषयीं चांगलें आहे तो. विद्यार्थ्यांना शिकवितांना मी हे शब्द एका दमांत घोकून घेत असें. दोहोंमध्यें एक आयुष्य पडलेलें आहे हें मला उशिरां कळलें. वयस्य आपल्याला शाळा देते, गल्ली देते, गिरणीचा भोंगा देतो. सुहृद् मात्र कोणी देत नाहीं. वयस्याचा सुहृद् करून घ्यावा लागतो, आणि तें काम नेमकें तेव्हां येऊन पडतें, जेव्हां एकाला नोकरी लागते आणि दुसऱ्याला लागत नाहीं.

माझीच गोष्ट सांगतों. आम्ही चौघे मित्र होतों. १९७० नंतरच्या दशकांत बरोबरच मॅट्रिक झालों. एक रेल्वेंत चिकटला आणि बदलीच्या गांवीं गेला. दुसरा पुण्यास एका कारखान्यांत लागला. मी शाळामास्तर झालों, आणि चौथा एका गिरणीच्या साळखात्यांत लागला. हा चौथा माझा सर्वांत जवळचा. त्याच्या घरीं तेलुगु, बाजारांत कन्नड, माझ्याशीं मराठी. गणपतीस त्याचें पान आमच्या घरीं ठरलेलें असे. पहिलीं कांहीं वर्षें तें ओसरीवर मांडलें जाई, हेंहि लिहिलें पाहिजे. पुढें माझ्या आईनेंच तें आंतल्या पंगतींत आणलें. संध्याकाळीं तळ्याच्या पायऱ्यांवर बसावयाचें आणि मग चहा घ्यावयाचा, हा आमचा नेम पंधरा-सोळा वर्षें चालला. चहाचे पैसे आळीपाळीनें देत असूं. एके दिवशीं त्यानें, एके दिवशीं मीं.

त्याची गिरणी बंद झाली आणि देणीं अडकलीं. पहिले कांहीं महिने तो येत असे. मग आपली पाळी असेल त्या दिवशीं तो येईनासा झाला. ही गोष्ट माझ्या ध्यानांत आली नाहीं. मुलांच्या वह्यांतील अनुस्वार पाहणाऱ्या माझ्या डोळ्यांना एवढें मोठें दिसलें नाहीं. दिसलें असतें तर रोजचा चहा घरींच करावयास काय हरकत होती? मग एकदां मुलीच्या आजारपणांत त्यानें माझ्याकडून पांचशें रुपये नेले. "सावकाश दे," असें मी म्हणालों. आणि औदार्य केल्याचें समाधान मानून स्वस्थ बसलों.

त्या दिवसानंतर तो आला नाहीं. त्यास वाटलें असेल, रिकाम्या हातानें कसें जावें? मला वाटलें, पैशांचा उल्लेख मीं कधीं केला नाहीं, मग यानें तोंड चुकविण्याचें कारण काय? मीं जावें तर तगाद्यास आलों असें वाटेल, असें मी मनाशीं म्हणे. हें सबब म्हणून फार सोयीचें होतें. खरें असें कीं मला राग आला होता, आणि पगार घरीं येणाऱ्या माणसाला असा राग परवडतो. एकदां टिळक चौकांत आम्ही समोरासमोर आलों. आधीं मान त्यानें वळविली कीं मीं, हें आज मला सांगतां येणार नाहीं. घरीं पत्नीनें विचारलें, "हल्लीं ते येत नाहींत. कांहीं झालें का?" मी म्हणालों, "कांहींच झालें नाहीं."

अशीं आठ वर्षें गेलीं. एके सकाळीं त्याचा मुलगा दाराशीं आला. हातांत पाकीट. वडील जाऊन बारा दिवस झाले होते. पाकिटांत पांचशें रुपये होते. "अप्पांनीं हे तुम्हांला द्यावयास सांगितले होते," एवढें तो म्हणाला. पैसे नकोत असें माझ्या ओठांवर आलें होतें. परंतु नको म्हटलें असतें तर माझा मित्र कायमचा ऋणको राहिला असता. मीं पाकीट घेतलें. मुलाला आंत बोलावून बसविलें, आणि तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं त्याचें नांवसुद्धां मला आठवत नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांतील नात्यांकडे पाहा. बहीण कितीहि लांब असो, भाऊबीज तिला व भावाला समोरासमोर बसविते. दिवाळसण जांवयाला आणतो. मंगळागौर आणि चैत्रांतील हळदीकुंकू बायकांच्या ओळखी जिवंत ठेवतें. या भेटी प्रेमानें होतात असें आपण म्हणतों. पण पुष्कळ वेळां तिथि आधीं येते, आणि तिच्या मागून प्रेम येतें. पुरुषांच्या मैत्रीला मात्र तिथि नाहीं. आम्हांला उलट असा अभिमान असतो कीं खऱ्या मैत्रीला निमित्त लागत नाहीं. निमित्त लागत होतें. फक्त तें भोंगा पुरवीत होता, म्हणून आम्हांला दिसलें नाहीं. शिवाय मुलाचें लग्न झालें कीं आपण वडील माणसेंच त्याला म्हणतों, "आतां संसारी झालास, पुरे झाला तो कट्टा." मीं हें आपल्या मुलालाहि ऐकविलें आहे.

प्रत्येक मैत्री जन्मभर टिकलीच पाहिजे असें माझें म्हणणें नाहीं. कांहीं वयस्य वयाबरोबर जातात, आणि त्याबद्दल कोणी अपराधी नसतो. हल्लींच्या मुलांचे भ्रमणध्वनीवर गट असतात. माझ्या त्या विद्यार्थ्यांचाहि एक आहे; सणासुदीला तेथें फुलांचीं व देवांचीं चित्रें येतात. तीं वाईट नाहींत. पण "तुझें कसें चाललें आहे?" हा प्रश्न पांच जणांना एकदम विचारला तर ज्याचें बरें चाललें आहे तोच उत्तर देतो. ज्याचें चाललें नाहीं तो नमस्काराची खूण पाठवून गप्प बसतो.

म्हणून माझें सांगणें थोडकें आहे. मैत्रीला एक तिथि लावून घ्या. आमच्या गांवाला गड्डा आहे. तुमच्या गांवाला जत्रा असेल, नसल्यास गणपति आहे. घरांतील मंडळींनीं मुलाच्या मित्राचें पान त्या दिवशीं मांडावें, आणि तो न आल्यास कां आला नाहीं याची चौकशी करावी. दुसरें असें कीं दोन मित्रांचीं दैवें वेगळीं झालीं म्हणजे ज्याचें बरें चाललें आहे त्यानें आधीं जावें. मागें पडलेला मनुष्य येणार नाहीं. त्याच्या न येण्याला गर्व म्हणूं नये. बहुधा तो चहाच्या पैशांचा हिशेब असतो.

हें सारें ऐकून माझा विद्यार्थी बराच वेळ उगीच बसला. मग म्हणाला, "सर, ते चौघेहि चांगल्या पगारावर आहेत. मी दुकानावर बसतों, आणि दुकान चालत नाहीं. मीं फोन करून काय बोलावें?" तर असें होतें तें कांहींच न झालेलें. मी म्हणालों, "आधीं त्यांनीं यावयास हवें होतें, हें खरें. पण त्यांना माझ्यासारखें दिसत नसेल. गांवांत जे आले असतील त्यांना आज दारूकाम पाहावयास होम मैदानावर बोलाव. तुला जें सांगावयाचें तें न सांगतांहि त्यांना दिसेल. न दिसल्यास सांग." तो होय म्हणाला.

महालयांत ज्यांना पाणी द्यावयाचें त्यांच्या मालिकेच्या शेवटीं गुरु, शिष्य आणि आप्त येतात. आप्तांत मी दरवर्षीं माझ्या मित्राचें नांव घेतों. नांवापुढें गोत्र सांगावें लागतें. इतक्या वर्षांच्या स्नेहांत त्याचें गोत्र मीं कधीं विचारलें नाहीं, आणि ज्याचें गोत्र ठाऊक नाहीं त्यास काश्यप म्हणण्याचा प्रघात आहे, तसें म्हणतों. शास्त्रानें मित्राला मेल्यावर एक तिथि दिली आहे. जिवंतपणींची आपण द्यावयाची असते, ती मीं दिली नाहीं.

तो मुलगा त्या रात्रीं मैदानावर गेला कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. पुढच्या संक्रांतीस दाराशीं किती जोडे दिसतात त्यावरून कळेल.