कडूपणा काढा, पण मोजून

पावसाळ्याच्या तोंडावर नेरळ-कर्जतच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो; म्हणून काकड या झाडाची आंबट फळे घालून ही भाजी शिजवायची रीत पडली. खाणाऱ्याला लांब ठेवायला वनस्पतीने तयार केलेले रसायन चुलीवर आवरायचे की थेट जनुकात, हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. काकडीचा कडूपणा कुकरबिटासिनचा. पानांतला कडूपणा एक जनुक सुरू करते, फळातला दुसरे, हे चिनी संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले. फळातले जनुक मंद पडलेल्या वेली शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या. फळ गोड झाले, पाने कडूच राहिली. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने 2023 मध्ये मोहरीत जनुक-संपादनाने असेच साधले: बियांतले उग्र चवीचे ग्लुकोसिनोलेट घटले, बाकीच्या झाडाचे संरक्षण टिकले.

ही निसर्गात ढवळाढवळ आहे, असा आक्षेप येतो. मग काकडीही ताटातून उचलावी लागेल. जुन्या पद्धतीचा संकर आपोआप सुरक्षित असतो, हा समज तर अमेरिकेतल्या ‘लेनापे’ बटाट्याने केव्हाच खोटा पाडला. 1967 साली साध्या संकरातून आलेल्या या वाणात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये इतकी निघाली, की 1970 मध्ये तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे मात्र सगळा वाद पद्धतीवरच अडतो. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचे, बाहेरचे जनुक घातलेले बीटी वांगे 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने मंजूर केले, फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्राने रोखले. बांगलादेशात ते 2014 पासून शेतात आहे. उलट, बाहेरचे जनुक न उरलेल्या संपादित वाणांना केंद्राने मार्च 2022 मध्ये कडक नियमांतून सूट दिली. सूट रास्तच आहे, पण चव बदलणाऱ्या वाणाला ती पुरेशी नाही. एक द्रव्य घटवताना दुसरे वाढले का, झाडाची कीड रोखण्याची ताकद गेली का, हे जनुक बाहेरचे की घरचे एवढ्यावरून कळत नाही. तपासणीने बियाणे महागेल, असेही म्हटले जाईल. पण सरसकट सगळ्या चाचण्या नकोत. वांग्या-बटाट्यात सोलॅनिनसारखी अल्कलॉइड, काकडीवर्गात कुकरबिटासिन, एवढे नेमके मोजले तरी भागेल. वाण संकराचा असो वा संपादित, हे आकडे बियाण्याच्या पाकिटावर छापणे कायद्याने बंधनकारक करावे.